स्टेटसला ठेवलंस का?

माणूस गेल्यावर त्याला स्वर्ग मिळतो की नाही, याबद्दल शास्त्रात एकमत नाही. चोवीस तासांचं स्टेटस मात्र नक्की मिळतं. पणती, पांढरी फुलं, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि फोटो बहुधा कुणाच्या तरी लग्नातला, शेजारच्याला कापून काढलेला. खांद्यावर एक परका हात तेवढा उरतो. जन्माचंही तेच. पूर्वी बाळ झालं की पेढे येत. आता बाळाचं पाऊल आधी स्टेटसला येतं, पेढे ज्याच्या त्याच्या नशिबानं. साखरपुडा, वास्तुशांत, नवी गाडी, गाडीसमोर फोडलेला नारळ, पोराचे दहावीचे टक्के, अक्कलकोट, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं खरं होतं ते स्टेटसला आल्यावर. तोवर ते नुसतंच होऊन गेलेलं असतं.

तर अशा या स्टेटसमध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं २०२४च्या ऑक्टोबरात एक नवी सोय घातली. फोटो टाकताना ‘अ‍ॅट’चं चिन्ह दाबायचं आणि ज्याच्यासाठी फोटो आहे त्याचं नाव निवडायचं. त्याला लगेच सांगावा जातो की अमक्यानं तुम्हाला मेन्शन केलंय. त्याला वाटलं तर तेच स्टेटस तो एका बोटानं स्वतःच्या स्टेटसला लावू शकतो. एका स्टेटसमध्ये फार तर पाच जणांची नावं. आणि हे नाव घेतल्याचं इतरांना दिसत नाही. घेणाऱ्याला आणि ज्याचं घेतलं त्यालाच ठाऊक.

कंपनीच्या लेखी विषय संपला. आमच्या सासरी तो तिथून सुरू झाला.

आधी थोडा इतिहास सांगते, कारण ज्यांनी ही कल्पना काढली त्यांचा हेतू आपल्या अगदी उलटा होता. २०११मध्ये स्टॅनफर्डच्या पोरांनी स्नॅपचॅट काढलं ते फोटो पाहिला की नाहीसा व्हावा म्हणून. कॉलेजातली वयं, रात्री काय केलं याचा सकाळी पुरावा नको. २०१३मध्ये त्यांनी ‘स्टोरीज’ आणल्या. चोवीस तास दिसणार, मग गुल. २०१६च्या ऑगस्टमध्ये इन्स्टाग्रामनं ती कल्पना नावासकट उचलली, आणि तेव्हाचे त्यांचे प्रमुख केव्हिन सिस्ट्रॉम यांनी श्रेय स्नॅपचॅटचंच आहे हे चारचौघांत कबूलही केलं. माझी उकडीची पारी स्वतःच्या नावावर यूट्यूबला टाकणाऱ्या आमच्या नात्यातल्या बाईंनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मग २४ फेब्रुवारी २०१७ला, स्वतःच्या आठव्या वाढदिवशी, व्हॉट्सअ‍ॅपनं स्टेटस आणलं. या वाढदिवसाचीही एक गंमत आहे. जॅन कूम यांनी २४ फेब्रुवारी २००९ला कंपनीची नोंदणी केली, आणि तो त्यांचा स्वतःचाही वाढदिवस होता. म्हणजे ज्या अ‍ॅपवर उभा महाराष्ट्र वाढदिवस साजरे करतो, ते जन्मलंच मालकाच्या वाढदिवशी. कूम यांची पहिली कल्पनाही गप्पांची नव्हती, स्टेटसचीच होती. फोनमधल्या यादीत माणसाच्या नावापुढे कळावं, की हा आत्ता बोलतोय, याची बॅटरी संपत आलीय, हा जिममध्ये आहे. जुन्या मंडळींना ती तयार यादी आठवत असेल: ‘अव्हेलेबल’, ‘बिझी’, ‘अ‍ॅट वर्क’, ‘बॅटरी अबाउट टू डाय’. ह्यांच्या मामांच्या नावापुढे कैक वर्षं ‘अ‍ॅट द जिम’ होतं. मामा महसूल खात्यातून निवृत्त झालेले. व्यायामशाळेचं उद्घाटन सोडलं तर तिच्याशी त्यांचा संबंध आला नव्हता. पण त्यांना ते बदलता येईना आणि कुणाला बदलायला सांगणं त्यांच्या हुद्द्यात बसेना. २०१७मध्ये फोटोंचं स्टेटस आलं तेव्हा ही जुनी एका ओळीची स्टेटसं काढून टाकली होती. जगभर ओरड झाली, मार्चमध्ये कंपनीनं ती ‘अबाउट’ या नावानं परत दिली. मामा पुन्हा जिममध्ये.

आणखी एक योगायोग. २०१७च्याच जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर बेकायदा फलकांबद्दल निकाल दिला. पुढच्याच महिन्यात स्टेटस आलं. न्यायालयाच्या निकालानं चौकातले फ्लेक्स उतरले असं साताऱ्यातच काय, कुठल्याच गावात कुणी म्हणणार नाही. पण फ्लेक्सला काहीतरी खर्च येतो, बांबू लागतात, निदान कागदावर तरी परवानगी लागते. स्टेटसला फक्त फोटो लागतो आणि भाचा.

हा भाचा प्रत्येक घरात असतो. कॉलेजात एखादा विषय राहिलेला असतो, पण मोबाईलवर त्याचं बोट असं चालतं की बघत राहावं. सकाळी त्याला निरोप जायचा अवकाश, चहा होईपर्यंत बॅनर तयार. मागे ढग, ढगांतून किरणं, एका कोपऱ्यात वाघ. मधोमध आमचे भावोजी, पांढऱ्या शर्टात, मोबाईल कानाला लावून, कुणाशी तरी मोठ्या कामाचं बोलत असल्यासारखे. (भावोजी जीवन विमा विकतात. फोन कानाला असतो हे खरं.) वर लिहिलेलं: ‘दिलखुलास, मनमिळाऊ, दिलदार व्यक्तिमत्त्व’. भावोजी मनमिळाऊ आहेत हे आम्हाला स्टेटसवरूनच कळलं. चौकातला ‘भावी नगरसेवक’ इथे ‘भावी डॉक्टर’ होऊन येतो, आणि खाली बघावं तर चौथीतला पोरगा, पुढचे दोन दात पडलेला. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून घरातल्या सगळ्यांचे गोल गोल फोटो. या गोलांत कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे यावरूनही बोलणी झालेली आहेत, पण ते पुन्हा कधीतरी.

नवी सोय यायच्या आधीही वाढदिवसाचं शास्त्र पक्कं होतं. रात्री बाराला ज्यानं त्यानं वाढदिवसवाल्याचा फोटो स्टेटसला ठेवायचा. वाढदिवसवाल्यानं तो पाहायचा, त्याचा स्क्रीनशॉट काढायचा आणि ‘थँक यू वहिनी’ असं लिहून स्वतःच्या स्टेटसला लावायचा. त्या स्क्रीनशॉटमध्ये फोटोबरोबर वरची पट्टीही येई: वेळ ००:०३, बॅटरी ४ टक्के. खाली उत्तर लिहायची रिकामी जागा. वहिनींचं प्रेम त्या दोन पट्ट्यांच्या मधे जेवढं मावेल तेवढं. ज्यांना पट्ट्या नको असत ते सरळ मागून घेत: “फोटो पाठव ना तो.” स्वतःचं कौतुक दुसऱ्याकडून मागून आणून स्वतःच्या दाराला लावायचं, यात थोडा तरी संकोच होता. नव्या सोयीनं तो संकोच तेवढा काढून टाकला.

ज्यांनी कधी नीट बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. स्टेटस ठेवलेल्या माणसाच्या फोटोभोवती एक हिरवं वर्तुळ असतं. एक स्टेटस असेल तर वर्तुळ अखंड. दोन ठेवली की त्याचे दोन तुकडे, चार ठेवली की चार. वाढदिवसाच्या संध्याकाळी हे तुकडे इतके बारीक होतात की नुसते ठिपके उरतात. ठिपके जितके बारीक तितकी माणसाची पत मोठी. आमच्या वन्संच्या वाढदिवशी ठिपके मोजता येईनात म्हणून जाऊबाईंनी चष्मा लावला, आणि तरी येईनात तेव्हा त्या म्हणाल्या, “दोनदोनदा टाकलेत काही.”

सासूबाईंची एक आहेराची वही आहे. लाल बांधणीची, ह्यांच्या मुंजीपासूनची. कुणी काय दिलं, स्टीलचं की पितळेचं, पाकिटात किती, सगळं त्यात आहे. परतफेड करताना ती वही निघते आणि त्या वहीच्या बाहेर या घरात कुणी कधी गेलेलं नाही. याच वहीच्या शेवटच्या पानांवर आता ‘स्टेटस’ असा रकाना आहे. पुढे नाव, आणि ‘ठेवले’ किंवा ‘नाही’. एका चुलत दिरांच्या नावापुढे ‘ठेवले, पण दुपारी’ असं लिहिलंय. अमेरिकेतल्या भाचीला सवलत आहे. न्यू जर्सीत रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेनऊ नाहीतर साडेदहा झालेले असतात, त्यामुळे तिचं उशिराच येतं. पण उशिरा आल्यामुळे दुसऱ्या दिवशी नाश्त्यापर्यंत टिकतं, आणि सासूबाईंनी ही गोष्ट तिच्या बाजूनं धरलेली आहे.

आता या वहीच्या घरात मेन्शन आलं.

निमित्त सासूबाईंच्या पंच्याहत्तरीचं. धाकट्या जाऊबाईंनी केक कापतानाचा फोटो स्टेटसला टाकला आणि पाच जणांना मेन्शन केलं. दोन मुलं, दोन मुली आणि मी. मी आहे हे पाहून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तासाभरात थोरल्या वन्संचा फोन.

“फोटो छान आलाय गं.”

“हो ना वन्सं.”

“आमच्या ह्यांना काही आलं नाही ते मेन्शन की काय.”

“वन्सं, पाचच नावं घेतं ते.”

“हो का? बरं. मग नेमके आमचे हेच सहावे आले.”

जावई. हे अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या डोक्यात ‘जावई’ नावाचं नातंच नसणार. पाचाची मर्यादा घालताना कॅलिफोर्नियात कुणीतरी विचार केला असेल, की एका फोटोत पाचांहून जास्त माणसांचा काय संबंध? आपल्याकडे हळदीला पाच सवाष्णी बोलवायच्या म्हटलं तरी घरात दोन दिवस बैठक चालते, आणि तिथे निदान सवाष्णी असणं एवढी तरी अट असते. इथे अट काहीच नाही. कोणीही पाच. याहून अवघड प्रश्न यूपीएससीला येत नसेल. पाच या आकड्याची कंपनीला ओढ दिसते; २०१८मध्ये अफवांना आळा घालायला भारतात फॉरवर्ड करण्यावर जी मर्यादा आली तीही पाचाचीच. अफवा थांबवायला पाच पुरले की नाही ते सरकार जाणे, पण मान द्यायला पाच पुरत नाहीत हे आमच्या वन्सं छातीठोकपणे सांगतील.

उपाय निघाला. तोच फोटो दुसऱ्यांदा टाकायचा आणि उरलेल्या पाचांना मेन्शन करायचं. दोन्ही जावई, नातवंडं वगैरे. पण पंगत म्हटली की पहिली आणि दुसरी आलीच, आणि दुसऱ्या पंगतीला जावई बसल्याचं आमच्या घराण्यात ऐकिवात नाही. वन्संनी पहिल्या आणि दुसऱ्या स्टेटसमध्ये अठ्ठावीस मिनिटांचं अंतर असल्याचं निदर्शनास आणून दिलं. स्टेटसवर वेळ लिहिलेली असते, हेही त्यांना त्याच दिवशी सापडलं. ह्यांनी सुचवलं की नवे लोक करतात तसं अख्ख्या ग्रुपलाच मेन्शन करून टाकावं, तीही सोय आलेली आहे. त्यावर सासूबाई म्हणाल्या, “सगळ्यांना म्हणजे कुणालाच नाही.” स्नॅपचॅटपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत इतक्या हुशार माणसांनी इतकी वर्षं डोकं चालवलं, पण ही अडचण एका वाक्यात मांडणारं माणूस त्यांना मिळालं नाही.

खरा घोळ मात्र पाचाचा नाहीच. खरा घोळ हा, की मेन्शन खासगी असतं. ज्याचं नाव घेतलं त्यालाच कळतं. आता सांगा, असल्या मानाचं करायचं काय? आपल्याकडे मान चारचौघांत देतात. शाल-श्रीफळ देताना फोटोग्राफर जागेवर नसेल तर पाहुणे आणि यजमान दोघंही नारळ धरून तसेच उभे राहतात. तो आला, त्यानं ‘इकडे बघा’ म्हटलं, की मग सत्कार होतो. बंद खोलीत कुणी शाल पांघरली तर माणूस म्हणेल, “थंडी नाही वाजत मला.” कंपनीला वाटलं, नाव गुप्त ठेवलं की कुणाला अवघडायला होणार नाही. इथे अवघडायला झालं ते नेमकं त्याचमुळे. वन्संच्या मालकांना अखेर मेन्शन गेलं, पण गेलं हे जगाला कसं कळणार?

तर त्यासाठी ते दुसरं बटण. मेन्शन आलेल्यानं तेच स्टेटस स्वतःच्या स्टेटसला लावायचं. लावलं की मान पोचला, स्वीकारला, आणि जाहीरही झाला. नाही लावलं तर अर्थ निघतो. “त्यांनी पाहिलं, मला दिसलं पाहिलेलं. पण लावलं नाही.” या वाक्यानंतर फोनवर जी शांतता पसरते ती दोन्हीकडच्यांना समजते.

म्हणून सगळे लावतात. त्या दिवशी रात्री मी जेवणं आवरून स्टेटस बघायला बसले. जाऊबाई: सासूबाई केक कापताना. दीर: सासूबाई केक कापताना. वन्सं: सासूबाई केक कापताना, वर ‘माझी आई’. धाकट्या वन्सं: सासूबाई केक कापताना, वर ‘माझीही’. जावई, दुसरे जावई, नातू, नात, सुरी तिथेच, फुंकर मारलेली मेणबत्ती तिथेच, मागे माझा अर्धा चेहरा आणि हातात कागदी ताटल्या. एक स्टेटस संपलं की पुढचं आपोआप येतं, त्यामुळे मधे थांबताही येत नाही. शेवटी शेवटी वाटायला लागलं, की हा केक एकदाचा कापून होत का नाही? आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, यादीत ज्याचा नंबर जिथे आला तिथे, आमच्या प्लंबरचं स्टेटस. दुपारी फोनवर “ताई, ताप आहे, अंथरुणातून उठवत नाही” म्हणाला होता. स्टेटसला बैलगाडा शर्यत. ताप त्यालाच दिसत होता बहुतेक.

हा प्लंबर माझ्या स्टेटसमध्ये आला कसा? दोघांनी एकमेकांचे नंबर सेव्ह केलेले असले तरच स्टेटस दिसतं. म्हणजे त्यानंही माझा केलाय. या एका नियमामुळे शाळेच्या व्हॅनचे काका, जुने घरमालक, कधीकाळी इस्त्रीला कपडे नेणारा मुलगा, सगळ्यांची आयुष्यं मला माहीत आहेत. व्हॅनकाकांची मुलगी नर्सिंगला लागली, पहिला पगार झाला त्या दिवशी तिनं आईला घेतलेली साडी मी पाहिली. काका समोर भेटले तर आम्ही फक्त “पाऊस आहे” एवढंच बोलतो. उलट नात्यातल्या एक बाई, ज्या लग्नात गळ्यात पडून रडतात, त्यांचं स्टेटस मला कधी दिसत नाही. एकतर त्या ठेवत नाहीत, नाहीतर ‘यांना वगळून’ या यादीत मी आहे. या दोन्हींपैकी काय, हे विचारायची पद्धत अजून निघालेली नाही.

निळ्या खुणा बंद ठेवणारी एक जमात आहे. त्यांनी तुमचं स्टेटस पाहिलं तरी डोळ्याच्या चिन्हाखालच्या यादीत त्यांचं नाव येत नाही. बदल्यात त्यांचं कुणी पाहिलं हे त्यांनाही कळत नाही. ह्यांचे एक चुलते असे आहेत. यादीत कधी नाहीत, आणि बारशात भेटले की म्हणतात, “महाबळेश्वरला हॉटेल चांगलं होतं वाटतं तुमचं. कॉर्न पॅटिस मात्र तेलकट दिसत होते.”

टोमण्याच्या स्टेटसला मात्र मेन्शननं अजिबात हात लावलेला नाही, आणि इथे मराठी बाईच्या बुद्धीला दाद दिली पाहिजे. रंगीत पार्श्वभूमीवर नुसती अक्षरं लिहायची सोय २०१७च्या ऑगस्टपासून आहे. काळ्यावर पांढरं: ‘वेळ सगळ्यांचीच येते.’ बस, एवढंच. सकाळी दहाला ठेवलं की अकरापर्यंत घरातल्या तिघीजणी, प्रत्येकीला ते आपल्यालाच आहे असं वाटून, गप्प होतात. आता नाव घालायची सोय आहे म्हणून कुणी नाव घातलं, तर उरलेल्या दोघी सुटतील. असा तोटा कोण करून घेईल?

दुःखाच्या प्रसंगी ही सोय वापरावी का, याबद्दल घराघरांत अजून नीट धोरण ठरलेलं नाही. मेन्शनबरोबरच कंपनीनं स्टेटसला हार्ट द्यायचीही सोय आणली, आणि काही हात असे शिवशिवतात की पणतीवरही हार्ट पडतं. पण खरा किस्सा आमच्या शेजारच्या काकांचा. काका गेले. त्यांच्या पुतण्यानं फोटो स्टेटसला ठेवला, खाली श्रद्धांजली, आणि सवयीनं, फोटोत जो माणूस आहे त्यालाच मेन्शन केलं. काकांना. काकांचा फोन काकूंकडे होता. सांगावा आला, काकूंनी चष्मा लावून तो उघडला, आणि कुणी काही पाठवलं की उत्तर द्यायचं या शिस्तीनं लिहिलं, ‘धन्यवाद. सुखी राहा.’ पुतण्याच्या फोनवर ते काकांच्या नावानं आलं, काकांच्या फोटोसकट, रात्री पावणेबाराला. पुतण्या अजूनही दिवा लावून झोपतो.

जाहिरातींचं सांगायचं राहिलं. २०१४मध्ये फेसबुकनं १९ अब्ज डॉलर मोजून व्हॉट्सअ‍ॅप घ्यायचं ठरवलं, तेव्हा कूम यांच्या टेबलावर त्यांचे भागीदार ब्रायन अ‍ॅक्टन यांच्या अक्षरातली एक चिठ्ठी असे, असं प्रसिद्ध झालं होतं: जाहिराती नाहीत, खेळ नाहीत, चाळे नाहीत. अ‍ॅक्टन २०१७मध्ये गेले, कूम २०१८मध्ये. आणि २०२५च्या जूनमध्ये कंपनीनं जाहीर केलं, की स्टेटसांच्या मधे आता जाहिराती दिसतील. यावर इंग्रजी पेपरांत बरंच छापून आलं. आमच्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. कारण आमच्या स्टेटसांत आधीपासूनच दुसरं असतं काय? जाऊबाईंच्या बहिणीच्या पैठण्या, भावोजींची विम्याची पॉलिसी, चुलत सासऱ्यांचे वाघोलीजवळचे प्लॉट, वन्संच्या मैत्रिणीचा दिवाळी फराळ, भाजणी घरची. मधे एखादी खरी जाहिरात आलीच तर मामी ती नीट वाचून विचारणार, “ही गृहकर्जवाली कुणाकडची गं? माहेरची की सासरची?”

सासूबाईंच्या वहीत पंच्याहत्तरीच्या पानावर आता नवा रकाना आहे: ‘मेन्शन’. थोरल्या जावयांच्या नावापुढे ‘दिले, दुसऱ्या खेपेस’ असं आहे आणि दुसऱ्या खेपेसच्या खाली रेघ मारलेली आहे. रेघ सासूबाईंनी मारली की वन्संनी, यावर मी काही बोलणार नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी येत्या दिवसांत काही कार्य आहे त्यांना एवढंच सांगणं: पाच नावं आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, आणि त्यात जावई पहिले घाला. फोटो काढणाऱ्याला सांगा, मोबाईल उभा धर. आडवा फोटो उभ्यात बसवताना भाचा कडेची दोन माणसं कापतो, आणि ती कुणाच्या बाजूची होती हे पुढची पंधरा वर्षं कुणी विसरत नाही.